रेघेवरचे पाणी

सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी दाखविणारे फुटांचे आकडे रंगविलेले आहेत. पावसाळा भरात आला, कोयनेच्या पाणलोटात दिवसचे दिवस संततधार लागली आणि गढूळ पाणी घाटाची एकेक पायरी पोटात घेऊ लागले, म्हणजे ते आकडे वाचण्यासाठी पुलाच्या कठड्याशी जी माणसे जमतात, त्यांत शाळेतून परस्पर आलेली मुले असतात, निवृत्त कारकून असतात, पेठेतले व्यापारी असतात, आणि डोक्यावरचा भारा सावरीत क्षणभर थांबलेल्या सांगलवाडीच्या बायकाही असतात. सांगली संस्थानाने बांधलेला आणि १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झालेला हा पूल रहदारीसाठी उभारला गेला. परंतु गेली कित्येक दशके तो या शहराचे जलमापकही होऊन राहिला आहे. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाणी कितीवर गेले की सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर हलवायचे, कितीवर गेले की कर्नाळ रस्ता बंद होणार आणि त्यापुढे ते मारुती चौकात केव्हा येणार, याचे कोष्टक नदीकाठच्या प्रत्येक घराला तोंडपाठ असते.

कोल्हापुरातही तीच तऱ्हा आहे. तेथे पंचगंगेचे माप राजाराम बंधाऱ्यावर घेतले जाते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. जुलै-ऑगस्टच्या दिवसांत चहाच्या गाड्यावर उभे राहिले, तर राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेत किती टीएमसी झाले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे, याची चर्चा कानावर येते, आणि ती करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे शिक्षण सातवी-आठवीपलीकडे गेलेले नसते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी, हा हिशेब त्यांच्यापैकी फारच थोडे करू शकतील; परंतु कोयनेचे धरण १०५ टीएमसीचे आहे, त्यात अमुक इतके झाले, आता दरवाजे उचलणार आणि कऱ्हाडच्या संगमावरून ते पाणी अमक्या वेळेला आपल्याकडे येणार, हे अनुमान ते बिनचूक करतात. हवामानातील बदलांसारखा गहन विषय ग्रामीण जनतेला समजत नाही, त्यासाठी तो अगदी बाळबोध करून सांगावा लागतो, असा एक समज शहरी सुशिक्षितांत रूढ आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी काही काळ राहिलेल्या कोणाही माणसाचा तो समज टिकणार नाही. जो आकडा आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो तो आकडा माणसे शिकतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत.

तथापि याच माणसांची, याच आकड्यांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये घोर फसगत केली. ती कशी झाली हे नीट पाहिल्यावाचून हवामानबदल लोकांना सांगावा कसा, या प्रश्नाच्या गाभ्याशी जाता येणार नाही असे मला वाटते, म्हणून त्या घटनेवर थोडे थांबतो.

२००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला जो महापूर आला, तो त्या वेळी हयात असलेल्या बहुतेकांच्या आठवणीतला सर्वांत मोठा होता. आयर्विन पुलापाशी पाणी ५४ फुटांच्या आसपास चढले होते. पूर ओसरल्यावर लोकांनी आपापल्या भिंतींवर खुणा केल्या. कोणी तैलरंगाची रेघ ओढून शेजारी तारीख लिहिली, कोणी दुकानाच्या खांबावर खिळा ठोकला, कोणी काहीच केले नाही, कारण गिलाव्यावर उमटलेला गाळाचा पट्टा आपण होऊनच पुढे दोन-तीन वर्षे दिसत राहिला. पुढे घरे दुरुस्त झाली, जोती उंच केली गेली, विजेचे मीटर रेघेच्या वर बसविले गेले, धान्याच्या कोठ्या आणि शिवणयंत्रे ठेवण्याच्या फळ्या रेघेच्या वर मारल्या गेल्या, आणि नवी दुकाने घेताना २००५ ला येथे पाणी होते काय, हा प्रश्न खरेदीदाराने विचारावा आणि विकणाऱ्याने शपथेवर उत्तर द्यावे, असा प्रघातच पडून गेला. मनुष्याने अनुभवातून शिकावे म्हणतात, आणि या लोकांनी ते प्रामाणिकपणे केले होते.

२०१९ साली जूनमध्ये पाऊस ओढ देऊन बसला होता. जुलैच्या अखेरीस तो सुरू झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत घाटमाथ्यावर असा कोसळला, की कोयना, वारणा, राधानगरी ही सारी धरणे पाहता पाहता भरली. प्रशासनाने सूचना दिल्या होत्या, ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या फिरल्या होत्या. परंतु घरोघर विचार झाला तो रेघेचा. २००५ ला पाणी आपल्या पायरीशी येऊन थांबले होते, फार तर माजघरात गुडघाभर आले होते. तेव्हा सामान माळ्यावर टाकावे, म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावर न्यावे, दोन रात्री काढाव्यात, म्हणजे झाले. हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. उपलब्ध असलेल्या सर्वांत विश्वसनीय पुराव्यावर तो आधारलेला होता. आणि पाणी ५७ फुटांच्याही पलीकडे गेले. तीन-साडेतीन फुटांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण कृष्णेच्या सपाट काठावर ते तीन फूट आडवे पसरतात, आणि ज्या गल्ल्यांनी नदीचे पाणी कधी पाहिलेच नव्हते त्या गल्ल्या तिच्या पात्रात गेल्या. कोल्हापुरात पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर पोहोचली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला, आणि शहराला दूध, औषधे व पेट्रोल मिळेनासे झाले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर नेणारी बोट उलटली आणि तिच्यातल्या बायकामुलांचे प्राण गेले. ती माणसे निघाली होती, परंतु उशिरा. आणि उशीर झाला तो रेघेवरच्या विश्वासापोटी.

पूर उतरल्यावरचे घर ज्याने पाहिले नाही त्याला नुकसान या शब्दाची कल्पना येणे कठीण. पाण्याने भिजलेल्या ज्वारीचे पोते दुसऱ्या दिवशी फुगते, तिसऱ्या दिवशी त्याला मोड येतात आणि चौथ्या दिवशी त्याचा आंबूस दर्प गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. गाद्या उचलायला चार माणसे लागतात. फरशीवर बोटभर जाडीचा चिकट गाळ बसतो, तो ओला असतानाच काढला नाही तर पुढे खोऱ्यानेही निघत नाही. अंगणातल्या दोरीवर, जेथे एरवी कपडे वाळत असतात, तेथे रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, सातबाराचा उतारा, मुलीचे दहावीचे प्रमाणपत्र आणि लग्नातला एखादा फोटो अशी चिमट्यांनी अडकविलेली ओळ दिसते. शाई पसरलेल्या त्या कागदांकडे पाहिले, म्हणजे सरकारदरबारी हे कुटुंब जिवंत असल्याचा पुरावाच जणू कोणी धुऊन काढला आहे असे वाटते. अशा घरातल्या माणसाला वैश्विक तापमान किती अंशाने वाढले हे सांगून आपण नेमके काय सांगतो, याचा विचार या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने करावयास हवा.

हरिपूरची हळदीची पेवे हे याच गोष्टीचे दुसरे उदाहरण. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव सांगलीला लागून आहे. तेथील माती अशी, की जमिनीत खोल खड्डा घेऊन, आतून त्याचा नीट बंदोबस्त करून त्यात हळद साठविली, तर ती वर्षानुवर्षे किडत नाही आणि तिचे वजनही घटत नाही. सांगलीच्या हळदीच्या बाजाराचे वैभव मोठ्या प्रमाणात या पेवांवर उभे राहिले. आता विचार करा: नदीच्या संगमावर, जमिनीच्या पोटात, लाखो रुपयांचा माल ठेवण्याचे धाडस व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले, ते कशाच्या भरवशावर? पाणी येथवर येत नाही, या अनुभवाच्या भरवशावर. २००५ च्या महापुराने ती पेवे भरली, आतली हळद कुजली, आणि त्यानंतर माल शीतगृहांकडे व गोदामांकडे वळला. एक संपूर्ण व्यवसायपद्धती मोडली. हवामानाच्या स्थैर्यावर समाजाची किती गृहीते उभी असतात, हे हरिपूरच्या त्या रानात उभे राहिल्यावर जितके उमगते तितके कोणत्याही आलेखावरून उमगणार नाही.

पुराशी या प्रदेशाचे नाते केवळ भयाचे कधीच नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला दत्ताचे देऊळ आहे. नदी वाढली की पाणी उत्तरेच्या दाराने मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वारच्या स्नानासाठी रात्री-अपरात्रीही भाविकांची रीघ लागते. पाणी आणखी चढले, म्हणजे उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात नेण्याची परंपरागत व्यवस्था आहे. तेथे कोणी घाबरत नाही, कोणाला आश्चर्य वाटत नाही, प्रत्येकाला आपले काम ठाऊक असते. देवानेही पाण्याला वाट करून द्यावी आणि स्वतः उंचावर जावे, हा संकेत ज्या समाजाने इतक्या सहजतेने धर्माचारात मुरवून घेतला, त्या समाजाला स्थलांतराचे महत्त्व पटवून देणे अशक्य आहे असे मी मानीत नाही. अडचण आहे ती पाण्याने आपल्या जुन्या मर्यादा सोडल्याची, आणि ते सांगणारा विश्वासाचा माणूस गावात नसल्याची.

मर्यादा सोडल्याचे ज्ञान मात्र दूर कोठे निर्माण झालेले नाही. सांगलीहून रेल्वेने एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा पुण्यात, १९६२ साली स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था आहे. तेथील भूपेन्द्रनाथ गोस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या पर्जन्यनोंदी तपासून २००६ साली असे दाखवून दिले, की मध्य भारतात पावसाची एकूण सरासरी फारशी हललेली नसली तरी अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत आणि मध्यम पावसाचे दिवस घटत आहेत. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचा निष्कर्ष मांडला, आणि तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून अधूनमधून उसळणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांशी त्याचा संबंध जोडला. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हा भौतिकशास्त्राचा जुना नियम त्यामागे उभा आहे. पाऊस महिनाभर झिमझिमण्याऐवजी चार दिवसांत पडणार, हे या संशोधनाचे शेतकऱ्याच्या भाषेतले सार. ते जर २०१९ पूर्वी गावोगावच्या चावडीवर आयर्विन पुलाच्या फुटांत मांडले गेले असते, भिंतीवरच्या रेघेच्या वर आणखी एक रेघ ओढून हीही शक्य आहे असे कोणी बजावून सांगितले असते, तर काही उंबरे वेळेवर रिकामे झाले असते. संशोधकांना मी दोष देत नाही. त्यांचे काम त्यांनी चोख केले. पुण्याची प्रयोगशाळा आणि सांगलवाडीचा उंबरा यांच्यामधला जो मार्ग शासनाने, वृत्तपत्रांनी आणि आम्हा लिहिणाऱ्यांनी बांधावयाचा होता, तो बांधला गेला नाही.

जलसंपदा खात्याच्या नकाशांवर नदीकाठी दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षांतून एकदा हे शब्द ऐकल्यावर सामान्य माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. एक येऊन गेला, आता आपल्या हयातीत दुसरा नाही, असा अर्थ तो घेतो, आणि शब्दांचा सरळ अर्थ पाहता त्याची चूकही नाही. वास्तविक त्या शब्दांमागचे गणित असे आहे, की लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरात एक असते. गेल्या वर्षी आले म्हणून या वर्षी ती कमी होत नाही. तीस वर्षांच्या कर्जावर घर घेतले, तर ते कर्ज फिटण्याच्या आत लाल रेषेचे पाणी दाराशी येण्याची शक्यता सुमारे चारात एक आहे, आणि निळ्या रेषेवरच्या घराची तर शंभरात सत्तर आहे. असे सांगितले की ऐकणारा सावरून बसतो. त्यावर आणखी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सर्वांत अवघड आहे: या रेषा गतकाळातल्या पुरांच्या नोंदींवरून आखलेल्या असतात, आणि गतकाळाचा पाऊस पुढे तसाच पडत राहील असे गृहीत धरणे आता धोक्याचे झाले आहे. २००५, २०१९ आणि २०२१: सोळा वर्षांत कृष्णा-पंचगंगेने तीन वेळा असे रूप दाखविले.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. महापुराला एकच कारण नसते. निळ्या रेषेच्या आत उभ्या राहिलेल्या इमारती, नदीकडे जाणारे ओढे-नाले बुजवून पाडलेले भूखंड, पुलांच्या दोन्ही बाजूंना घातलेले मातीचे भराव, धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडावे याविषयीचे निर्णय, दोन राज्यांमधला अलमट्टीचा वाद, या सर्वांची चर्चा २०१९ नंतर झाली आणि शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. सारा भार हवामानबदलावर टाकला, तर ज्यांनी नाले बुजविले आणि ज्यांनी त्या बांधकामांना परवानगी दिली त्यांना आयतीच सुटका मिळते. लोकांना हे पुरते समजते, आणि म्हणूनच एखादा अधिकारी सभेत हवामानबदलाचा उल्लेख करतो तेव्हा श्रोत्यांच्या मनात प्रथम शंका येते की हा आपली जबाबदारी झटकतो आहे. ही शंका दूर करण्याचा मार्ग एकच: अतिवृष्टी वाढते आहे, म्हणूनच नाले मोकळे करणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे, हे दोन्ही एका श्वासात आणि गावाचे, ओढ्याचे, गट नंबराचे नाव घेऊन सांगणे.

२०१९ मध्ये ज्या दिवसांत सांगली शहर बुडत होते, त्याच दिवसांत त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत-आटपाडीच्या गावांना पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागत होते. आदल्या वर्षी शासनाने राज्यात १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले होते. त्या टंचाईची सावली अद्याप सरली नव्हती. जिल्ह्याची पावसाची सरासरी काढली, तर ती या दोन्ही दुःखांना एकमेकांत मिसळून नाहीशी करते. आटपाडीच्या शेतकऱ्याला महापुराची चित्रे दाखवून हवामानबदल शिकविता येणार नाही, आणि सांगलवाडीच्या माणसाला करपलेल्या बाजरीची दाखवून. प्रत्येक गावाला त्याच्या स्वतःच्या पावसाचा इतिहास वाचून दाखवावा लागेल, आणि तो काही दुर्मीळ नाही. महसुली दप्तरात पैसेवारीचे, पीकपाहणीचे आणि टंचाईचे जुने कागद पडून आहेत, त्यांत गावोगावच्या सुकाळ-दुष्काळाची साक्ष आहे.

महसुलाचा विषय निघाला म्हणून आणखी एक निरीक्षण. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, तर त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असे शासन मानते आणि नुकसानीचे पंचनामे सुरू होतात. परिणाम असा झाला आहे, की पर्जन्यमापक म्हणजे काय हे ज्यांच्या बापजाद्यांना ठाऊक नव्हते, असे शेतकरी आज मंडळाच्या ठिकाणचे यंत्र किती मिलिमीटर दाखविते याची सकाळीच चौकशी करतात, आणि यंत्र एका टोकाला व ढगफुटी दुसऱ्या टोकाला झाली असेल तर तलाठ्याशी हुज्जत घालतात. विज्ञानप्रसाराच्या कोणत्याही मोहिमेने जे साधले नसते, ते एका नियमाने साधले. याच नियमांची कठोर बाजूही लोकांनी पाहिली आहे. २०१९ मध्ये मोफत धान्याच्या मदतीसाठी घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट असलेला शासननिर्णय बाहेर आला, तेव्हा पूरग्रस्तांत जो संताप उसळला तो रास्त होता. ज्याच्या घरात एक दिवस पाणी राहिले त्याची ज्वारी काही सुकी राहिलेली नव्हती. शासन आपत्तीविषयी जी भाषा मदतीच्या वेळी बोलते, ती लोक इशाऱ्याच्या वेळी आठवतात. पंचनाम्याच्या वेळी ज्याला खोटे ठरविले, तो पुढच्या पावसाळ्यात ध्वनिक्षेपकावरच्या सूचनेवर भरवसा का ठेवील?

पूर्वी इशारा देण्याचे काम दवंडीने होत असे. कोतवाल हलगी वाजवीत वेशीपासून निघायचा, चौकाचौकांत थांबायचा, आणि चावडीचा निरोप मोठ्याने सांगायचा. लोक त्याला ओळखत, तो लोकांना ओळखत असे, आणि ऐकणाऱ्याने उलट प्रश्न विचारला तर उत्तर देण्यासाठी तो समोर उभा असे. आज इशारे मोबाइलवर येतात. २०२३ मध्ये केंद्र शासनाने घेतलेल्या चाचण्यांत फोन एकाएकी मोठा आवाज करून वाजले, हे पुष्कळांना स्मरत असेल. ही व्यवस्था उपयुक्त आहे, तिचे मी स्वागतच करतो. परंतु काही ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता, असा संदेश घाटमाथ्यापासून सीमेपर्यंतच्या सर्वांना सारखाच मिळतो, तेव्हा कुरुंदवाडच्या माणसाने त्यावरून काय करावे? त्याच्या गावात पाऊस पडो वा न पडो, त्याचा पूर ठरतो तो महाबळेश्वर, नवजा आणि पाथरपुंजच्या पावसावर. त्याला हवे असते ते इतकेच, की उद्या संध्याकाळी नदी किती फूट असेल आणि आपल्या गावाचा कोणता रस्ता केव्हा बंद होईल. हे शब्द न मिळाले की त्यांची जागा अफवा घेते, आणि धरण फुटल्याची एक अफवा खऱ्या इशाऱ्यांची सारी मेहनत एका रात्रीत वाया घालवू शकते.

पंचांगाच्या नक्षत्रांचा लोकांवर इतका पगडा का, याचेही उत्तर येथेच सापडते. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, मृगावर पेरणी आणि हस्तावर रब्बीची तयारी: या व्यवस्थेत पावसाची बातमी आणि त्या बातमीवर करावयाचे काम एकत्र बांधलेले आहे. ती व्यवस्था आज चुकते आहे, आणि ते शेतकऱ्यालाच सर्वांत आधी कळले. भारतीय हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या, त्यांत मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. तासगाव-मिरजेच्या द्राक्ष बागायतदाराला त्याआधीच हे दिसू लागले होते. त्याने आगाप छाटणी घ्यावी तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर दावण्या आणतो आणि फुलोऱ्यातल्या घडांची कूज होते, आणि छाटणी पुढे ढकलावी तर बाजार हातचा जातो. २०१९ च्या महापुरानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा अवकाळी पाऊस आला, आणि नदीकाठ सोडून उंच माळावर असलेल्या बागाही गेल्या. असा शेतकरी जेव्हा हवामान तज्ज्ञाशी बोलतो, तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. दुर्दैवाने अशा सभांतून त्याला केवळ ऐकावयास बसविले जाते, आणि शेवटी वेळ उरला तर काही शंका आहेत काय असे विचारले जाते.

२०२१ साली, २२ जुलैपासून, तोच प्रसंग पुन्हा आला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५६ फूट ३ इंचांपर्यंत, म्हणजे २०१९ पेक्षाही वर चढली. या वेळी भिंतीवर नवी रेघ होती आणि मनातली धास्ती ताजी होती. नदीकाठच्या गावांतून पुष्कळ माणसे पाणी येण्यापूर्वीच निघाली, बचाव पथके आधी पोहोचली. पण निघताना जो प्रश्न घरोघर अडला तो जनावरांचा. शिरोळ तालुक्यातल्या ज्या घराचा संसार दोन म्हशींच्या दुधावर चालतो, त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला सुरक्षित स्थळी जा असे सांगणे म्हणजे निम्मेच सांगणे आहे. म्हैस शाळेच्या वर्गात ठेवता येत नाही, तिला दररोज वैरण लागते, तिची धार दोन वेळा काढावी लागते, आणि दावे सोडून दिली तर ती परत मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून बायकामुले निवारा केंद्रात जातात आणि एक तरुण मुलगा गोठ्याच्या पत्र्यावर रात्र काढतो. जनावरांसाठी उंच जागा, तेथवर नेण्यासाठी वाहने, पुरेशी वैरण आणि पशुवैद्य यांची व्यवस्था ज्या सूचनेत नाही, ती सूचना आकाशवाणीवरून दिली काय किंवा उपग्रहावरून दिली काय, गोठ्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि ज्या गावांना रेघच नसते त्यांचे काय, हा प्रश्न मला या साऱ्यात सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. त्याच २२ जुलैला कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर घरांवर आले. सह्याद्रीच्या पलीकडे महाड तालुक्यात तळिये गाडले गेले. नदी चढताना दिसते, तिला फूट असतात, पूल असतो, पायऱ्या असतात. डोंगर सुटण्यापूर्वी जमिनीला भेगा पडतात, झरा एकाएकी गढूळ होतो किंवा नव्याच ठिकाणी फुटतो, झाडे आणि खांब कलतात. ही लक्षणे ओळखणारी दृष्टी गावात असू शकते, पण ती पाहून कोणाला कळवायचे, कळविल्यावर कोण येणार आणि रात्रीच्या रात्री वस्तीने कोठे जायचे, हे ठरलेले नसते. २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले तेव्हाही हीच चर्चा झाली होती. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली दिलेल्या अहवालात, डोंगरउतारांचे काय करावे हा निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून, खालून वर घेतला जावा, असा आग्रह होता. त्या अहवालावर मुंबई-दिल्लीत जितके वाद झाले त्याच्या शतांश चर्चाही त्या उतारांवर राहणाऱ्या माणसांसमोर, त्यांच्या भाषेत, झाली नाही. गावात पोहोचले ते एवढेच, की आता घर बांधायला बंदी येणार.

दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक होते. तहसीलदार असतात, पाटबंधारे, बांधकाम आणि आरोग्य खात्यांचे अधिकारी असतात, बोटींची संख्या आणि निवारा केंद्रांची यादी वाचली जाते. याच बैठका नदीकाठच्या आणि डोंगरातल्या गावांत ग्रामसभा म्हणून भराव्यात, निळ्या-लाल रेषांचा नकाशा चावडीच्या भिंतीवर घरांच्या नंबरांसह लावला जावा, आणि २०१९ ला कोणाच्या दारात पाणी किती वाजता आले हे गावकऱ्यांनी सांगावे व अधिकाऱ्यांनी लिहून घ्यावे, यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही आणि फारशा खर्चाचीही नाही. गायरानातली उंच जागा कोणती, तिच्यावर आज कोणाचे अतिक्रमण आहे, ते पावसाळ्यापूर्वी कोण उठविणार, वैरण कोणत्या साखर कारखान्याच्या किंवा दूध संघाच्या गाडीतून येणार आणि तिचे पैसे कोणाच्या खाती पडणार, हे प्रश्न त्या सभेत निघतील. भांडणेही होतील, आणि ती मे महिन्यातच झालेली बरी.